घटक ४ : दैनंदिन कॅथलिक चिंतन – नम्रता, प्रार्थना आणि ईश्वरावरील भरवसा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• 'दैनंदिन चिंतन' या गद्यप्रकाराची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• मराठी कॅथलिक लेखनपरंपरेची पार्श्वभूमी थोडक्यात मांडता येईल.
• नम्रता, प्रार्थना आणि भरवसा या तीन संकल्पनांचा कॅथलिक परंपरेतील अर्थ स्पष्ट करता येईल.
• नम्रता व लाचारी, भरवसा व दैववाद यांतील फरक उदाहरणांसह दाखवता येईल.
• एखाद्या चिंतनपर लेखाचे वाङ्मयीन विश्लेषण करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संतांच्या अभंगांतील आत्मनिवेदनाचा विचार केला. या घटकात आपण त्याच वृत्तीचे, पण वेगळ्या परंपरेतले आणि गद्यातले रूप पाहणार आहोत. पॅरिशच्या पत्रिकेत, धार्मिक मासिकाच्या एखाद्या पानावर किंवा मिस्सेतील प्रवचनात एक छोटे निरूपण आपल्याला भेटते. त्यात घरातला एखादा साधा प्रसंग असतो, शुभवर्तमानातील एखाद्या वचनाचा आधार असतो आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना असते. अशा लेखनाला आपण येथे 'दैनंदिन चिंतन' म्हणणार आहोत.

हे लेखन वरवर फार सोपे वाटते. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासात त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. परंतु ज्यांच्या घरी इतर पुस्तके फारशी येत नाहीत, अशा अनेक कुटुंबांत हेच गद्य नियमितपणे वाचले जाते. ते वाचणारा माणूस दुःखात असतो, संभ्रमात असतो, कधी अपमानाने दुखावलेला असतो. अशा माणसाला 'नम्र राहा', 'प्रार्थना करा', 'देवावर भरवसा ठेवा' असे सांगणे ही मोठी जबाबदारी आहे. या तीन शब्दांनी माणूस सावरू शकतो, तसाच गप्पही बसवला जाऊ शकतो. या दोहोंतील सीमारेषा ओळखणे हा या घटकाचा गाभा आहे. आपण कोणत्याही धर्माचे असा वा कोणताही धर्म न मानणारे असा, हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ मराठी कॅथलिक लेखनाची पार्श्वभूमी

मराठी भाषेत ख्रिस्ती आशय प्रथम मोठ्या वाङ्मयीन सामर्थ्याने आणला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच परिसरात राहिले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या घाटात सांगितली. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजण्यासही त्यांनी संकोच केला नाही. श्रोत्याच्या ओळखीच्या शब्दांतून त्याच्यापर्यंत पोहोचायचे, ही त्यांची भूमिका होती. एका अर्थी हीदेखील नम्रताच होय. परभाषेतून आलेला उपदेशक येथे आधी विद्यार्थी झाला.

दुसरी महत्त्वाची भूमी वसईची. येथील कॅथलिक समाजाच्या घरांत सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलल्या जातात, तर लिखाण व उपासना प्रमाण मराठीत होते. पूर्वी मिस्सेची भाषा लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि मिस्सेतील प्रार्थना, वाचने व गायने मराठीत होऊ लागली. वेदीवरची भाषा आणि अंगणातली भाषा एकमेकींच्या जवळ आल्या. चिंतनपर गद्याला यामुळे मोठे बळ मिळाले. 'सुवार्ता' या मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या परंपरेतील सर्वपरिचित नाव. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

४.३.२ नम्रता : मातीशी नाते

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीतील 'नम्रता' हा शब्द 'नम्' म्हणजे वाकणे या धातूपासून आला आहे. लॅटिन परंपरेत या गुणासाठी असलेला 'हुमिलितास' हा शब्द 'हुमुस' म्हणजे माती या शब्दाशी जोडलेला आहे. दोन्ही प्रतिमा वेगळ्या आहेत. वाकायला समोर कोणीतरी लागते, मातीवर मात्र एकट्यानेही उभे राहता येते. कॅथलिक चिंतनात नम्रतेचा मूळ अर्थ दुसऱ्यापुढे वाकणे असा नसून आपण कोण आहोत, कशाचे बनलो आहोत हे ओळखणे असा आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत अविलाची तेरेसा हिने नम्रता म्हणजे सत्यात वावरणे, असा विचार मांडला. स्वतःला मोठे मानणे हे जसे असत्य, तसेच आपल्यातील गुण नाकारणे हेही असत्यच.

लूककृत शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला आपण ऐकला असेल. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपल्या उपवासांचा आणि दानाचा हिशेब देवापुढे मांडतो. दूर उभा असलेला जकातदार मान वर न करता केवळ दया मागतो. येशूच्या मते नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. परूशी खोटे बोलत असल्याचे दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही. त्याने उपवास केले असतील, दानही दिले असेल. त्याची चूक ही की त्याची प्रार्थना शेजाऱ्याशी तुलना करून उभी राहते. तुलना आली की नम्रता संपते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठनियमाच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. एकोणिसाव्या शतकातील लिझ्यूच्या संत तेरेझा (१८७३ ते १८९७) हिने हा विषय अगदी घरगुती पातळीवर आणला. तिच्या आत्मकथनात मठातील कपडे धुण्याचा एक प्रसंग येतो. समोरची भगिनी कपडे आपटताना तिच्या चेहऱ्यावर मळके पाणी उडवत असे. मागे सरकून चेहरा पुसावा, म्हणजे समोरच्या भगिनीच्या लक्षात येईल, असे तिला प्रथम वाटले. पण तिने तसे केले नाही. मोठी कृत्ये आपल्याला जमणार नाहीत, तेव्हा लहान गोष्टी प्रेमाने करू, हा तिचा 'छोटा मार्ग'. दैनंदिन चिंतनाच्या लेखनावर या वृत्तीचा ठसा स्पष्ट दिसतो.

४.३.३ प्रार्थना : मागण्यापलीकडे

'प्रार्थना' या शब्दाच्या मुळाशी 'अर्थ्' म्हणजे मागणे हा धातू आहे. परंतु कॅथलिक परंपरेत प्रार्थनेचे चार भाग सांगण्याची रूढी आहे : आराधना, पश्चात्ताप, आभार आणि याचना. आपल्या शब्दाच्या व्युत्पत्तीत यांतला केवळ शेवटचा भाग सामावतो. म्हणून मराठीत लिहिणाऱ्या चिंतनकाराला 'प्रार्थना म्हणजे निव्वळ मागणे नव्हे' हे पुनःपुन्हा सांगावे लागते. ही भाषेने निर्माण केलेली गरज आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याने आवर्जून टिपावे.

रोजच्या प्रार्थनेचा एक व्यवहार्य नमुना येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१ ते १५५६) यांच्या परंपरेतून येतो. त्याला आपण 'दिवसाचे आत्मपरीक्षण' म्हणू. त्याचे पाच टप्पे असे :

१. दिवसभरात जे लाभले त्याबद्दल आभार मानणे.
२. स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहण्यासाठी प्रकाश मागणे.
३. सकाळपासूनचे प्रसंग क्रमाने आठवणे.
४. जेथे चुकलो तेथे क्षमा मागणे.
५. उद्यासाठी एक लहानसा निश्चय करणे.

या क्रमाकडे लेखनाच्या दृष्टीने पाहा. तपशील, कबुली आणि निश्चय ही दैनंदिन चिंतनाचीच बांधणी आहे. उत्तम चिंतन हे बहुधा असे आत्मपरीक्षणच असते. लेखकाने ते फक्त वाचकासमोर केलेले असते.

दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. संत तेरेझाला प्रार्थनेच्या वेळी झोप येत असे. तिने ते लपवले नाही आणि त्याचा बाऊही केला नाही. मूल जागे असो वा झोपलेले, आईबापांना ते सारखेच प्रिय असते, असा तिचा विचार होता. थकव्याची ही प्रामाणिक नोंद उपदेशाच्या अनेक पानांपेक्षा वाचकाला अधिक जवळ घेते.

४.३.४ भरवसा : उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेचे काय?

मराठीत श्रद्धा, विश्वास आणि भरवसा असे तीन शब्द आपण जवळजवळ समानार्थी वापरतो. 'विश्वास' या शब्दात 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो. 'श्रद्धा' या शब्दात काहीतरी ठेवण्याचा, आपले अंतःकरण कोणाकडे सोपवण्याचा भाव आहे. 'भरवसा' हा शब्द मात्र रोजच्या व्यवहारातला. उधारीच्या वहीपासून पावसापर्यंत तो सगळीकडे वापरला जातो. ईश्वरावरील विश्वासाबद्दल लिहिताना हा व्यवहारातला शब्द अनेकदा अधिक नेमका ठरतो.

मत्तयकृत शुभवर्तमानात येशू आकाशातील पाखरांकडे बोट दाखवतो. ती पेरणी करीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी पिता त्यांना पोसतो. या वचनाचा आळसाला आधार म्हणून उपयोग करणे चुकीचे आहे. पाखरू पहाटेपासून दाण्याच्या शोधात असते. दाणा घरट्यात येऊन पडत नाही. येशूने निषेध केला आहे तो चिंतेचा. श्रमाचा निषेध त्या वचनात नाही.

खरा कस लागतो तो गेथशेमनी बागेतील प्रसंगात. अटक होण्यापूर्वीच्या रात्री येशू पित्याकडे हा दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती करतो आणि लगेच आपली इच्छा पित्याच्या इच्छेवर सोपवतो. प्याला दूर होत नाही. ख्रिस्ती विश्वासाच्या केंद्रस्थानी अशी एक प्रार्थना आहे, जिच्यातील मागणे मान्य झाले नाही. म्हणून 'मनापासून मागा, मिळेलच' असे सांगणारे चिंतन परंपरेशीही प्रामाणिक राहत नाही आणि दुःखी वाचकाशीही. मागणे मान्य झाले नाही तर 'माझा विश्वासच कमी पडला' अशी टोचणी ते त्याच्या मनात मागे ठेवते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'क्रिस्तपुराण' केव्हा व कोठे छापले गेले?
(आ) परूश्याच्या प्रार्थनेतील मुख्य दोष कोणता?
(इ) पाखरांच्या दाखल्यात निषेध कशाचा आहे?

४.३.५ एक नमुना चिंतन

पुढील चिंतन या घटकासाठी मुद्दाम रचलेले आहे. प्रथम ते सलग वाचा. नंतर विश्लेषणाकडे वळा.

दोन प्रार्थना

आई अंथरुणाला खिळली तो पावसाळा होता. वाडीत पाणी साचले होते आणि केळीची पाने रात्रभर फडफडत. रोज संध्याकाळी आम्ही तिच्या खाटेभोवती बसून जपमाळ म्हणत असू. प्रत्येक दशकानंतर मी मनात एकच गोष्ट जोडत असे : आई पुन्हा उभी राहू दे.

औषधे चालू होती. डॉक्टर सांगतील ते सारे आम्ही करीत होतो. पण महिने गेले आणि आई काही उठली नाही. एका रात्री तिचे अंग पुसताना माझा हात जरा जोरात लागला. दिवसभराच्या कामाने मी थकलो होतो आणि मनातून रागावलोही होतो. तिच्यावर की देवावर, ते मलाही ठाऊक नव्हते. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "अरे, तू जपमाळेत माझ्यासाठी काय मागतोस?"

"तू बरी व्हावीस म्हणून मागतो. दुसरे काय मागणार?"

ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी धीर मागते. माझे करताना तू कडू होऊ नयेस, एवढेच."

मी गप्प राहिलो. त्या रात्री मी देवाला काहीच मागितले नाही. फक्त पाणी पुन्हा कोमट करून आणले.

आई गेली. माझी प्रार्थना ऐकली गेली नाही, असे मी बरेच दिवस म्हणत होतो. मग एकदा शेजारच्या म्हाताऱ्या काकांना दवाखान्यात नेताना ते म्हणाले, "तुझा हात फार हलका आहे रे." तेव्हा मला आईची प्रार्थना आठवली. खाटेच्या एका बाजूने मी मागत होतो आणि दुसऱ्या बाजूने ती मागत होती. दोन्हींतली एक पुरी झाली होती, आणि ती माझी नव्हती.

प्रभो, मी काय मागावे हे मला कळत नाही. माझ्यासाठी जे कोणी मागत आहे, त्याचे ऐक.

४.३.६ नमुन्याचे विश्लेषण

(१) आरंभ : चिंतनाची सुरुवात सिद्धान्ताने होत नाही. पावसाळा, वाडी, केळीची पाने या तपशिलांतून ठिकाण आणि काळ उभा राहतो. वाचकाला आधी घरात नेले जाते, मग विचाराकडे.

(२) कबुली : लेखक स्वतःला आदर्श मुलगा म्हणून मांडत नाही. हात जोरात लागल्याची कबुली तो देतो. नम्रतेबद्दल एक शब्दही न उच्चारता नम्रता येथे कृतीत उतरते.

(३) कलाटणी : आईचे एक वाक्य सारे चित्र बदलते. लेखक त्यावर भाष्य करीत नाही. कोमट पाण्याचा तपशील ते काम करतो.

(४) भरवशाचे स्वरूप : आई बरी होत नाही. दुःख सुखान्तात विरघळवलेले नाही. 'देवाने बऱ्यासाठीच केले' असा निष्कर्षही लेखक काढत नाही. एक प्रार्थना अपुरी राहिली आणि दुसरी पुरी झाली, एवढेच तो सांगतो. औषधोपचार सोडलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

(५) समारोप : शेवटची प्रार्थना दोनच वाक्यांची आहे. तिच्यात उपदेश नाही. वाचक ती स्वतःची म्हणून उच्चारू शकतो.

या नमुन्यावर आक्षेपही घेता येईल. शेजारच्या काकांचे वाक्य अगदी वेळेवर आलेले वाटते का? चिंतनपर गद्यात असा सोयीचा योगायोग हा नेहमीचा धोका असतो. आपले मत सकारण नोंदवा.

४.३.७ मर्यादा आणि जबाबदारी

आता प्रास्ताविकात उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. नम्रतेचा उपदेश कोणाला केला जातो? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला की ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावले त्याला? जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या आपल्या समाजात हा प्रश्न टाळता येत नाही. अन्याय करणाऱ्यापुढे गप्प राहणे म्हणजे लाचारी. तिला नम्रतेचे नाव देणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

कॅथलिक परंपरेतच याचे उत्तर आहे. सायंकाळच्या उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या मरियेच्या स्तोत्रात देव सत्ताधीशांना आसनांवरून खाली उतरवतो आणि दीनांना उंचावतो, असा आशय आहे. हे स्तोत्र स्वतःला प्रभूची दासी म्हणवणाऱ्या स्त्रीच्या तोंडी आहे. म्हणजे नम्रता आणि अन्यायाची चीड या दोन गोष्टी एकाच मुखातून येऊ शकतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा वाकला तो गुरू होता. नम्रतेची पहिली अपेक्षा वरच्या जागेवर बसलेल्याकडून आहे.

प्रत्यक्ष जीवनातही याचा दाखला मिळतो. फादर दिब्रिटो यांनी चिंतनपर लेखन केले, तसेच वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीत नेतृत्वही केले. प्रार्थना करणारा माणूस रस्त्यावर उतरू शकतो. भरवसा आणि दैववाद यांतील फरक येथे दिसतो : दैववादी म्हणतो, 'जे व्हायचे ते होईल', भरवसा ठेवणारा म्हणतो, 'माझ्या वाट्याचे मी करीन, फळ माझ्या हाती नाही'.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

योग्य की अयोग्य ते लिहा.
(अ) कॅथलिक परंपरेत नम्रता म्हणजे आपले गुण नाकारणे होय.
(आ) गेथशेमनीतील प्रार्थनेत केलेली विनंती मान्य झाली नाही.
(इ) मरियेच्या स्तोत्रात दीनांना उंचावण्याचा आशय आहे.

४.४ सारांश

दैनंदिन चिंतन हा साध्या प्रसंगातून आत्मपरीक्षणाकडे नेणारा लघुगद्यप्रकार आहे. मराठीत त्याच्यामागे फादर स्टीफन्स यांच्यापासून वसईच्या आधुनिक लेखकांपर्यंतची परंपरा उभी आहे. नम्रता म्हणजे सत्यात वावरणे, प्रार्थना म्हणजे मागण्यासह आभार, पश्चात्ताप व आराधना, आणि भरवसा म्हणजे श्रम न सोडता चिंता सोडणे, असे या परंपरेचे सार सांगता येईल. चांगले चिंतन दुःखाला सोपे उत्तर देत नाही. ते वाचकाशेजारी बसते आणि त्याला स्वतःकडे पाहण्याचे बळ देते.

४.५ शब्दार्थ व पारिभाषिक संज्ञा

शुभवर्तमान : येशूचे जीवन व शिकवण सांगणारे बायबलमधील चार ग्रंथ; त्यांपैकी प्रत्येक.
मिस्सा : कॅथलिक समाजाची मुख्य सामुदायिक उपासना.
पॅरिश : एका चर्चच्या कक्षेतील श्रद्धाळूंचा समुदाय.
जपमाळ : पवित्र मरियेला उद्देशून म्हटली जाणारी, दहा मण्यांच्या दशकांत विभागलेली प्रार्थना.
येशूसंघ : संत इग्नेशियस यांनी स्थापन केलेला धर्मसंघ.
परूशी : येशूकालीन यहुदी समाजातील, नियमपालनाबाबत दक्ष असलेला एक पंथ, त्या पंथाचा अनुयायी.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १६१६ मध्ये, रायतूर येथे. (आ) ती शेजाऱ्याशी केलेल्या तुलनेवर उभी आहे. (इ) चिंतेचा.
प्रश्न २ : (अ) अयोग्य. (आ) योग्य. (इ) योग्य.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'नम्रता आणि लाचारी यांतील फरक' या विषयावर परूशी व जकातदार यांचा दाखला आणि मरियेचे स्तोत्र यांच्या आधारे २५० शब्दांत लिहा.
२. 'प्रार्थना', 'विश्वास' व 'श्रद्धा' या शब्दांच्या व्युत्पत्तीचा त्यांच्या धार्मिक वापराशी असलेला संबंध स्पष्ट करा.
३. 'दोन प्रार्थना' या चिंतनातील संवादाचे कार्य सांगा.
४. वारकरी परंपरेतील नामस्मरण आणि कॅथलिक परंपरेतील जपमाळ यांतील एक साम्य व एक भेद सोदाहरण लिहा. वरवरच्या साम्यावर थांबू नका.

उपक्रम

सात दिवस रोज रात्री पाच टप्प्यांचे आत्मपरीक्षण पाच ओळींत लिहून ठेवा. आपण श्रद्धाळू नसाल, तर दुसऱ्या टप्प्यात स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा निश्चय लिहा. आठव्या दिवशी त्यांतील एक प्रसंग निवडा आणि ३०० शब्दांचे चिंतन तयार करा. उपदेशाचे एकही वाक्य येऊ देऊ नका. संपर्कसत्रात ते सहाध्यायांना वाचून दाखवा आणि ऐकताना त्यांना कोठे स्वतःची आठवण झाली, ते विचारा.